फर्मान आणि संकल्प : तंबाखूमुक्तीची दोन पावले

तंबाखूचा विषय निघाला की बहुतेक सुशिक्षित घरांत एक सुस्कारा सोडला जातो आणि ‘सरकारने एकदाची बंदीच घालावी’ या वाक्यावर चर्चा संपते. मागणी रास्त आहे. परंतु ती करून झाली की आपले कर्तव्य संपले, असे समाधान मनाला मिळते आणि तेथेच खरी अडचण सुरू होते. या देशात तंबाखूचा प्रवेश होऊन चारशे वर्षे उलटली. या चार शतकांत तिच्याविरुद्ध सत्तेचे फर्मानही निघाले आणि समाजाचा संकल्पही उभा राहिला. दोहोंचे परिणाम इतिहासात नोंदलेले आहेत. आजच्या तंबाखूविरोधी कार्याची दिशा ठरविताना ते नीट पाहिले पाहिजेत.

तंबाखू ही या भूमीची वनस्पती नव्हे. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला, तेव्हा तेथील मूळ रहिवासी या पानांचा धूर घेत असल्याचे त्याच्या माणसांनी पाहिले. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पाने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये पसरली. अकबराचा वकील म्हणून विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेलेल्या असद बेगने १६०४ च्या सुमारास ती बादशहासमोर ठेवली. वैद्यकशास्त्रात या वस्तूची काहीच माहिती नाही, म्हणून हकिमाने हरकत घेतली. तरीही बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारात जे चालते ते बाजारात पोहोचण्यास वेळ लागत नाही. अकबरानंतर गादीवर आलेल्या जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूबंदीचे फर्मान काढले. ते कागदावरच राहिले. हुक्का उमरावांच्या दिवाणखान्यात प्रतिष्ठित झाला होता आणि चिलीम चावडीवर येऊन बसली होती. समाजाने ज्या वस्तूला मान दिला, तिला सम्राटाची मनाईसुद्धा हटवू शकली नाही.

यानंतर ८२ वर्षांनी, १६९९ च्या वैशाखीला, आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथाची स्थापना केली. अमृत घेतलेल्या शिखाने ज्या चार गोष्टींपासून कटाक्षाने दूर राहायचे, त्यांत तंबाखूची गणना होते. या मर्यादेमागे कोतवाल नव्हता, तुरुंग नव्हता. तंबाखूला हात लावणारा आपल्या पंथाच्या मर्यादेबाहेर गेला, एवढी एकच भावना तिच्यामागे होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २८.६ टक्के आढळले, तर पंजाबात ते १३.४ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. पंजाबपुढे आज अन्य अमली पदार्थांचे गंभीर संकट उभे आहे, हेही तितकेच खरे. त्यातूनही हाच बोध मिळतो : समाज ज्या गोष्टीला पिढ्यान् पिढ्या नाकारतो, तेवढीच दूर राहते. नव्या विषासाठी नवा संकल्प करावा लागतो.

परंपरेचा खोटा आधार

तंबाखूच्या समर्थनार्थ परंपरेची साक्ष काढली जाते, तीही तपासली पाहिजे. चरकसंहितेत धूमपानाचे वर्णन आहे, हे खरे. मात्र तेथील धूमवर्ती सुगंधी व औषधी द्रव्यांच्या असून त्या कोणत्या विकारात, केव्हा आणि किती घ्याव्यात याचे नियम घालून दिलेले आहेत. तंबाखू तेव्हा या खंडात अस्तित्वातच नव्हती. तांबूलाचेही तसेच. पूजेचा किंवा जेवणानंतरचा विडा पान, सुपारी, चुना, कात, वेलदोडा यांचा होता. त्यात तंबाखू घुसली ती फार नंतर. ज्या वस्तूचे नाव आपल्या प्राचीन ग्रंथांत नाही, जी परक्यांच्या गलबतातून आली, तिला ‘वाडवडिलांची चाल’ म्हणणे हा वाडवडिलांवरच अन्याय आहे.

मुळातील सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरविले. तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन जबडा हळूहळू आखडणे, हा विकार प्रामुख्याने सुपारीमुळे होतो. ‘आमच्या पुडीत तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ असे सांगून मुलांच्या हाती पुडी देणाऱ्यांना हे ठाऊक असले पाहिजे.

विष काम कसे करते

तंबाखूच्या धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर हुशारी वाटते. तो परिणाम ओसरला की मन बेचैन होते आणि बेचैनी घालविण्यासाठी हात पुन्हा पुडीकडे जातो. यालाच तलफ म्हणतात. तंबाखूने ताण हलका होतो, ही समजूत बव्हंशी या चक्रातून निर्माण झाली आहे. तंबाखू जो ताण घालविते तो पुष्कळसा तिनेच निर्माण केलेला असतो. तंबाखू मळताना चुना लावला जातो, त्याचेही कारण आहे. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या त्वचेतून अधिक वेगाने रक्तात शिरते. त्याच वेळी तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची रसायने त्या नाजूक त्वचेला चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षे पेशींची मोडतोड करीत असतात. ज्या गालाशी बार धरला जातो, त्याच गालात पुष्कळदा कर्करोगाची गाठ उठते, ती यामुळेच.

२०२० च्या जागतिक कर्करोग आकडेवारीनुसार जगात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७८ हजार नवे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे १ लाख ३६ हजार एकट्या भारतात होते. जगातील तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण या देशाचा. तंबाखूजन्य आजारांनी भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे दगावतात, असा अंदाज आहे. मुखाच्या कर्करोगाखेरीज हृदयविकार, पक्षाघात, दमा आणि क्षयाची गुंतागुंत या सर्वांचा त्यात वाटा आहे. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे देशावर पडलेला आर्थिक भार १ लाख ७७ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तंबाखूच्या महसुलावर राज्य चालते, असे सांगणाऱ्यांनी वजाबाकी करून पाहावी.

कायद्याने काय साधले

फर्मान कागदावर राहते म्हणून कायदा निरुपयोगी ठरत नाही. गेल्या तीन दशकांत कायद्याने बरेच साधले आहे. दिल्लीत डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री असताना सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध १९९६ चा कायदा झाला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान रोखण्याचे निर्देश दिले. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान आणि सुषमा स्वराज आरोग्यमंत्री असताना २००३ मध्ये संसदेने सर्वंकष तंबाखू नियंत्रण कायदा संमत केला. जाहिरातींवर बंदी, अठरा वर्षांखालील मुलांना विक्रीस मनाई, शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीस मनाई, वेष्टनावर इशारा, अशी त्याची प्रमुख कलमे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविषयीचे सुधारित नियम अमलात आले. २००९ पासून वेष्टनांवर चित्रमय इशारे छापले जाऊ लागले आणि एप्रिल २०१६ पासून त्यांनी वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापला. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली.

फळ दिसले. २००९-१० मध्ये देशातील ३४.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. सात वर्षांत हे प्रमाण २८.६ टक्क्यांवर आले. १५ ते २४ या वयोगटात ते १८.४ वरून १२.४ टक्क्यांवर उतरले. लोकसंख्या वाढत असतानाही तंबाखू वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ८१ लाखांनी घटली. हा शासन, न्यायालये, वैद्यक व्यवसाय आणि स्वयंसेवी संस्था यांच्या एकत्रित परिश्रमाचा विजय आहे.

मात्र त्यानंतरही तंबाखू वापरणारे सुमारे २६ कोटी ७० लाख प्रौढ उरलेच होते. कायद्याचा हात कोठवर पोहोचतो, हे महाराष्ट्राच्या उदाहरणावरून कळते. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. राज्याच्या अन्न प्रशासनाला तसा अधिकार नाही, या कारणावरून ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्नपदार्थांत तंबाखू मिसळण्यास मनाई केली आणि त्या आधारे २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा व पानमसाला दोन्ही बंद केले. शाळेच्या वाटेवर लटकणाऱ्या पुड्यांच्या झळझळीत माळा उतरल्या, हा मोठा लाभ. पण पुडी टपरीच्या फळीखाली गेली, परराज्यांतून चोरट्या वाटेने येऊ लागली आणि छापे पडूनही मिळत राहिली. मागणी जिवंत आहे तोवर पुरवठ्याला वाट सापडते. जहांगीराच्या फर्मानाचा धडा येथे पुन्हा समोर येतो.

मराठी घरातील तंबाखू

२०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के आढळले, पण तोंडाने तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यातील तंबाखूचा प्रश्न धुराचा फार थोडा आणि तळहातावर मळल्या जाणाऱ्या चिमटीचा फार मोठा आहे. धुराचा वास येतो, शेजारी बसलेला तक्रार करतो. चिमटीची तक्रार कोणी करीत नाही. चंची आणि चुन्याची डबी पुढे करणे हा पाहुणचार समजला जातो. अनोळखी माणसाकडे पाणी मागण्यास संकोच वाटेल, पण तंबाखू मागण्यास वाटत नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात असंख्य माता-भगिनी दात घासण्याच्या निमित्ताने भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावतात. तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. विदर्भात खर्रा घोटून घेणे हा दिवसाचा नित्यक्रम झाला आहे. नगरपालिकेचा निरीक्षक टपरीपर्यंत जाऊ शकतो. स्वयंपाकघरातील मशेरीच्या डबीपर्यंत तो जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. तेथे कुटुंबाने आणि समाजानेच पोहोचले पाहिजे.

असे पोहोचता येते, हे सिद्ध झालेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील एर्नाकुलम, गुजरातमधील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील खेड्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६ हजार ग्रामस्थांमध्ये काम केले. श्रीकाकुलमच्या स्त्रियांमध्ये चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती, यावरून या कामाची कठीणता ध्यानात यावी. कार्यकर्ते घरी जात, तोंड तपासत, दिसलेला दोष त्या व्यक्तीला समजावून सांगत आणि पुढच्या वर्षी पुन्हा जात. या पाहणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रबोधन झालेल्या लोकांत तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि एर्नाकुलममध्ये मुखातील कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्यांचे नवे रुग्ण लक्षणीय घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. घरी जाणारा, आपुलकीने बोलणारा आणि पुन्हा येणारा माणूस लागला. संपर्क हेच ज्यांच्या कार्याचे मूळ आहे, त्या कार्यकर्त्यांना ही पद्धत नवी वाटू नये.

महाराष्ट्रात गडचिरोली येथे डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमानेही गावागावांतील लोकांचा सहभाग हाच पाया मानला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालविली, म्हणून खेड्यातील रोगाचे खरे चित्र अभ्यासकांना दिसू शकले. अशी दीर्घ आणि शांत कामे हेच या लढ्याचे बळ आहे.

जाहिरात आणि वर्गणी

समाजाने दिलेला मान हाच तंबाखूचा आधार आहे, हे तिचे व्यापारी उत्तम जाणतात. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक एका सिगारेटच्या नावाने खेळला गेला. त्याच वर्षी गोव्याचे शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील शाळकरी मुलांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेले सामने पाहून मुलांच्या मनात धूम्रपान आणि चांगला खेळ यांची सांगड बसत होती आणि सिगारेट ओढून पाहण्याकडे त्यांचा कल होत होता. गोव्यात लोकजागृती आणि कायदा यांची जोड लवकर बसली. १९९७ मध्ये धूम्रपान व थुंकण्याविरुद्ध कायदा झाला. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात गोव्यातील तंबाखूचे प्रमाण ९.७ टक्के होते. ज्या किनाऱ्याने तंबाखू प्रथम पाहिली, तोच आज तिला दूर ठेवण्यात आघाडीवर आहे.

सिगारेटच्या जाहिराती गेल्या. त्यांची जागा वेलची, केशर आणि ‘माउथ फ्रेशनर’ या मुखवट्यांनी घेतली. नाव तेच, रंग तोच, अक्षरांचे वळण तेच. लोकप्रिय नट ती पुडी हाती धरून हसतात. या मुखवट्याला समाजाने ओळखले पाहिजे, आणि ओळखण्याची सुरुवात आपल्या अंगणातून झाली पाहिजे. उत्सवाच्या कमानीवर असा फलक लावून वर्गणी घेणारे मंडळ रक्तदान शिबिरही भरवीत असेल, तर त्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. गणरायाच्या मंडपाला थोडी कमी रोषणाई चालेल, पण विद्येच्या दैवतासमोर मुलांना विषाची ओळख करून देणारा फलक चालू नये. असा फलक नाकारणाऱ्या मंडळाचा तोटा समाजाने वाढीव वर्गणीने भरून काढावा.

पोटाचा प्रश्न

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. देशात सुमारे ५० लाख नोंदणीकृत विडी कामगार आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया या गावांचे अर्थकारण अनेक वर्षे तेंदूच्या पानात गुंडाळलेले होते. सीमाभागातील निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यांची मागणी एवढीच होती की, घामाला दाम मिळावा. हा शेतकरी आणि ही कामगार भगिनी तंबाखूचे शत्रुपक्ष नव्हेत; तेही तिचे बळीच आहेत. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या श्वासात तंबाखूची धूळ जाते आणि तिचे तान्हे तिच्या शेजारीच निजलेले असते. तंबाखूमुक्तीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने पर्यायी रोजगाराचाही तितकाच आग्रह धरला पाहिजे. शिवणकाम, वस्त्रोद्योग, अन्नप्रक्रिया, बचत गटांचे उद्योग, तसेच शेतात ऊस, भाजीपाला, कडधान्ये यांसारखी बाजारपेठ असलेली पिके या दिशेने शासनाचे प्रयत्न हवेत आणि सहकाराची जोडही हवी. एका बहिणीला रोगातून सोडवताना दुसरीची चूल विझता कामा नये.

कार्यकर्त्याने काय करावे

व्यसनी माणूस तिरस्काराने सुधारत नाही. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, हमालीच्या गोदीत पोटातली भूक मारण्यासाठी चिमूट तोंडात टाकणाऱ्याला उपदेशाआधी आपलेपणा हवा. २०१६-१७ मध्ये निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी आणि तंबाखू खाणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांनी ती सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. इच्छा आहे, आधाराची उणीव आहे. निकोटिन सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो आणि तीन-चार आठवड्यांत बेचैनी बरीच निवते. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणे, दीर्घ श्वसन करणे, जागा बदलणे, कामाला लागणे एवढ्यानेही ती टळते. या चार आठवड्यांत रोज संध्याकाळी चौकशी करणारा एक मित्र मिळाला, तर अनेकांची नौका पैलतीराला लागेल. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते आणि तो वेष्टनांवरही छापलेला असतो. गरज भासल्यास वैद्यकीय उपचारही घ्यावेत. तसे करण्यात कमीपणा नाही.

वस्तीतील आरोग्य शिबिरात मुखतपासणीचा अंतर्भाव करावा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे, उभी तीन बोटे तोंडात न मावणे, ही लक्षणे दिसताच त्या व्यक्तीला डॉक्टरकडे घेऊन जावे. केरळमधील तिरुअनंतपुरम येथील मुखतपासणी प्रकल्पाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये अशा नियमित तपासणीने मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. साधी विजेरी आणि शिकविलेली नजर एवढ्या साधनांवर हे घडले.

आणि सर्वांत आधी आपले घर. लग्नाच्या पंगतीनंतर तंबाखूचे पान देणार नाही, आल्या-गेल्यासमोर चंची ठेवणार नाही, लहान मुलाला पुडी आणण्यास टपरीवर पाठविणार नाही, हे तीन निश्चय कोणत्याही कुटुंबाला आजच करता येतील. देशात सरासरी एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास तंबाखूची सुरुवात होते. म्हणजे ती सुरुवात होण्याआधीची सारी वर्षे मूल घरात, शाळेत आणि मैदानावर असते. घरातील वडीलधाऱ्यांनी या वर्षांत स्वतःच्या वागण्यातून जे दाखविले, ते वेष्टनावरच्या चित्राहून खोल उमटते.

बंधू-भगिनींनो, फर्मान काढणे राज्यकर्त्यांचे काम आहे आणि त्यांनी ते अधिक कठोरपणे करावे, असा आग्रह धरणे हा नागरिकांचा अधिकार आहे. संकल्प करणे मात्र समाजाचे काम आहे; ते दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही. १६१७ चे फर्मान विरून गेले, १६९९ चा संकल्प आजही पाळला जातो. मराठी समाजाने तळहातावरची चिमूट खाली टाकण्याचा असा संकल्प केला, तर त्याची साक्ष पुढच्या पिढीच्या निरोगी चेहऱ्यांवर दिसेल.